ओळ, बेणणी आणि लहान ट्रॅक्टर

पिकाच्या दोन ओळींमधून संथपणे तण कापीत जाणारा लहान ट्रॅक्टर हा वरकरणी यंत्रयुगाचा विषय वाटतो. परंतु त्याचा इतिहास यंत्रापाशी सुरू होत नसून ओळीपाशी सुरू होतो. पीक जेथे विस्कळीत उगवले आहे, तेथे कितीही सुबक अवजार आणले तरी ते तणाबरोबर रोपही उपटणार. आणि जेथे ओळी सरळ व समान अंतराच्या आहेत, तेथे बैलजोडीमागचे साधे कोळपेसुद्धा एका दिवसात जे करून दाखवील, ते खुरपे घेऊन बसलेल्या माणसांच्या रांगेला साधणार नाही. वसई-विरारच्या मुलखात यंत्राने तण काढण्याची पद्धत का रुजली नाही, हे समजून घ्यावयाचे असेल, तर या भूमीचा ओळीशी असलेला संबंध आधी तपासला पाहिजे.

देशावरच्या शेतकऱ्याला ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिफणीच्या तीन फणांतील अंतर ठरलेले, त्या फणांतून पडलेल्या बियाण्याच्या ओळी तितक्याच अंतरावर, आणि त्या अंतरात बरोबर मावेल अशी कोळप्याची पास. पेरणीचे अवजार व निंदणीचे अवजार यांची अशी परस्परांशी सांगड घातलेली असे. इंग्लंडात जेथ्रो टल याने घोड्याच्या कोळप्याने करावयाच्या शेतीवरील आपला ग्रंथ १७३३ साली प्रसिद्ध केला, म्हणजे चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेण्याच्या अवघी सहा वर्षे आधी. आणि त्यानंतर दीड शतकाने हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आलेले डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या तणमुक्त, स्वच्छ शेताची मनापासून वाखाणणी केली. परकीय तज्ज्ञाने दिलेली ती पावती माझ्या मते कोळप्याची, आणि तितकीच खुरपे धरणाऱ्या स्त्रियांची आहे.

वसईची गोष्ट मात्र निराळी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे आणि १७३९ मध्ये त्यांच्याकडून मराठ्यांकडे गेलेल्या या प्रांतात पश्चिमेला समुद्रालगत बागायतीची वाडी आणि पूर्वेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत भातखाचरे, अशी शेतीची दोन भिन्न रूपे नांदत आली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात येथील ऊस, केळी व पानवेली यांची नोंद आहे, आणि आगाशीची सुकेळी तर दूरवर नावाजलेली. विहिरीवरील रहाटाने उपसलेले पाणी पाटांतून वाफ्यावाफ्यांत खेळवावयाचे, केळीच्या सावलीत भाजीपाला घ्यावयाचा, इंचभर जागाही मोकळी सोडावयाची नाही, अशी ही शेती. केळी ओळीत असली तरी दोन ओळींमधून जाण्यास बैलालाही वाट नसे. तेथे कोळप्याचे काय चालणार? तण निघे ते खुरप्याने व कुदळीने, माणसाच्या हातानेच.

पूर्वेकडील भाताची अडचण याहून बिकट होती. पाला, गवत व शेण पसरून राब भाजावयाचा आणि त्या भाजलेल्या जमिनीत रोपे तयार करावयाची, ही पद्धत बाहेरच्या अधिकाऱ्यास केवळ जंगलाची नासाडी वाटली. परंतु त्या धगीने तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि रोप निर्वेध वाढते, हे शेतकरी जाणून होता. राबासाठी पाला तोडण्यावरून वनखात्याशी इतका विवाद झाला की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. रोपवाटिकेतले तण राबाने आवरले, तरी लावणीनंतर खाचरात उगवणाऱ्या तणाला उपाय बेणणीचाच. पावसात वाकून, चिखलात पाय रोवून, भातासारखाच दिसणारा सावा ओळखून उपटणे हे डोळ्यांचे आणि कमरेचे काम. आणि रोपे हाताला येतील तशी लावलेली असल्याने तेथे अवजार शिरण्यास वाव नव्हता.

हा वाव निर्माण झाला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही वसईपासून अगदी जवळ. बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीच्या भातशेतीचे प्रयोग झाले आणि १९५३ मध्ये तिचा देशभर प्रसार करण्याची मोहीम सुरू झाली. दोरी धरून ठराविक अंतरावर सरळ ओळीत लावणी करावी आणि मधून दातेरी चाकांचे हातकोळपे फिरवावे, हे तिचे एक प्रमुख अंग होते. कोळपे तण उपटून चिखलात गाडी आणि मुळांशी हवाही खेळती करी. पुढे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीनेही ओळीतील नियंत्रित लावणीचाच आग्रह धरला. कोकणच्या भाताला ओळ मिळाली ती अशी.

ट्रॅक्टरनेही ओळीचाच शोध घेतला. प्रारंभीचे अवजड ट्रॅक्टर नांगरणीपुरतेच उपयोगी होते. उभ्या पिकात शिरण्याजोगा, उंच व अरुंद बांध्याचा फार्मॉल हा ट्रॅक्टर अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९२४ मध्ये काढला. तिच्याच १९४७ च्या ‘कब’ या चिमुकल्या ट्रॅक्टरात इंजिन एका बाजूला सरकवले होते, जेणेकरून चालकाला पुढची ओळ आणि पोटाखालील फाळ एकाच नजरेत दिसावेत. रोपाचे मूळ न दुखवता दोन बोटे खोल पास चालवावयाची, तण दोन-तीन पानांवर असतानाच गाठावयाचे, आणि जमिनीला वाफसा आल्याखेरीज चाक फिरवावयाचे नाही, हे तिन्ही नियम कोळप्याचेच. यंत्राने ते फक्त पाळले. लव्हाळ्याच्या गाठींपुढे मात्र त्याचीही मात्रा चालत नाही. त्या खणूनच काढाव्या लागतात.

हीच कंपनी १९६३ मध्ये महिंद्रच्या भागीदारीने कांदिवलीस आली, आणि वसईच्या दक्षिणेस काही स्थानकांच्या अंतरावर ट्रॅक्टर तयार होऊ लागले. पण तेथे निघालेला बी-२७५ हा मूळचा इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कारखान्याचा नमुना, सुमारे पस्तीस अश्वशक्तीचा, विस्तीर्ण रानासाठी योजलेला. खाचराच्या बांधावरून वा वाडीच्या कुंपणातून त्याला वाट कशी मिळावी? कोकणाच्या मापाला उतरला तो पॉवर टिलर. १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने स्थापन झालेल्या बंगळूरच्या कंपनीतून निघालेल्या या जातीच्या यंत्राने चिखलणीचे काम बैलांकडून घेतले, आणि अरुंद पात्यांनी बागायतीच्या मोकळ्या ओळीतही त्याचा उपयोग होऊ शकला.

दरम्यान पायाखालची भूमीच बदलत होती. वारसाहक्काने जमिनीचे तुकडे पडले. रहाटाच्या जागी आलेल्या पंपांमुळे आणि मुंबईकडे पाणी नेणाऱ्या टँकरांमुळे विहिरींत खारे पाणी शिरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, तरी २००९ मध्ये महानगरपालिका होऊन इमारतींचा विस्तार वाढतच गेला. जी शेते उरली आहेत ती लहान आहेत, आणि मजूर दुर्मिळ झाल्याने तणनाशकाचा फवारा हाच सोपा मार्ग ठरू पाहतो आहे.

माझे स्पष्ट मत असे की, उथळ पाण्याच्या विहिरींवर जगणाऱ्या या किनारपट्टीत विषारी फवाऱ्यापेक्षा हलके, जुने, दुरुस्त करता येणारे यंत्र हजारपट श्रेयस्कर आहे. पूर्वेकडील ज्या शेतकऱ्याला भेंडी, मिरची, वांगी ओळीत लावणे शक्य आहे, त्याने ट्रॅक्टर विकत घेण्याआधी ओळीतील अंतर यंत्राच्या चाकाला बेतून ठरवावे. आणि ज्याच्या पडवीत एखादा जुना लहान ट्रॅक्टर किंवा टिलर गंजत पडला असेल, त्याने तो भंगारात देण्यापूर्वी गावातील लोहाराला आणि मिस्त्रीला एकदा दाखवावा.