मुंबईचा पूर्व किनारा : बंदराच्या जमिनीचे पुनरुज्जीवन

कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पसरलेली बंदराची पट्टी मुंबईचा पूर्व किनारा म्हणून ओळखली जाते. पश्चिमेकडे मरीन ड्राइव्ह, गिरगाव आणि जुहू येथे समुद्र सर्वांना खुला आहे. पूर्वेकडे मात्र शतकाहून अधिक काळ तो गोदीच्या भिंती, गोदामे आणि रेल्वेचे रूळ यांच्या आड राहिला. बंदराचे काम ओसरल्यावर या जमिनीचे काय व्हावे आणि ती कोणाच्या वाट्याला यावी, हा मुंबईच्या नगरनियोजनातील एक कळीचा प्रश्न आहे.

बंदराची जडणघडण

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज भासली आणि मुंबईच्या व्यापाराला भरती आली. पुढे १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून डॉक १८७५ मध्ये बांधून झाला. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजेच आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातून निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार करण्यात आली. तेथील इमारतींना एकसारखे रूप देण्याचे श्रेय गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांच्याकडे जाते.

उत्तरेकडच्या धक्क्यांची नावे त्यांच्या व्यवसायाची साक्ष देतात : लकडी बंदर, कोळसा बंदर, दारूखाना. कॉटन ग्रीन येथे कापसाचा बाजार होता, तर दारूखान्यात जुनी जहाजे तोडण्याचा व्यवसाय रुजला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील स्फोटकांचा आणि कापसाचा भडका उडाला. त्यात शेकडो माणसे प्राणास मुकली आणि लगतच्या वस्त्या बेचिराख झाल्या. आग विझवताना बळी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ओहोटी

मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागल्यावर मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि विस्तीर्ण मोकळी जागा लागू लागली. दाट वस्तीने वेढलेल्या जुन्या गोद्यांना ती देणे अवघड होते. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे वळली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या कालांतराने बुजवण्यात आल्या. गोदामे ओस पडली आणि माथाडी व गोदी कामगारांचा रोजगार आक्रसला.

नवे आराखडे

बंदराच्या जमिनीचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि २०१८ च्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. पूर्ण आराखडा मार्गी लागण्याआधीच काही बदल दिसू लागले होते. २०१७ मध्ये ससून डॉकच्या जुन्या भिंतींवर आणि गोदामांत कलाप्रदर्शन भरले. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली, त्यामुळे वाहनासह अलिबागकडे जाणे सोपे झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. बॅलार्ड पिअर येथे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले.

किनारा कोणाचा?

या प्रश्नाला गिरणगावाच्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकांसाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणामी मैदाने आणि घरे अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळाली.

बंदराची जमीन सार्वजनिक मालकीची असल्याने येथे वेगळे घडण्यास वाव आहे. मात्र हितसंबंध अनेक आहेत. दारूखाना व रे रोड परिसरात झोपडपट्ट्या आणि लहान कारखाने आहेत. भाडेपट्ट्याने जमीन घेतलेले जुने व्यावसायिक आहेत. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर पहाटेच मासळीचा लिलाव होतो आणि त्यावर कोळी समाजाची उपजीविका चालते. शिवडीच्या चिखलात दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

लंडनचा दाखलाही या संदर्भात दिला जातो. तेथील बंद पडलेल्या गोद्यांसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र विकास महामंडळ स्थापन झाले आणि कॅनरी व्हार्फचे आर्थिक केंद्र उभे राहिले. वित्तसंस्था आल्या, परंतु नव्या नोकऱ्या आणि घरे जुन्या गोदी कामगारांच्या आवाक्यात राहिली नाहीत, अशी टीका पुढे दीर्घकाळ होत राहिली.

आपल्यासाठी बोध

दादरा व नगर हवेलीत कारखानदारी अजून जोमात आहे. सायली, मसाट, पिपरिया या भागांत हजारो हातांना तिच्यामुळे काम मिळते, आणि याच परिसरातून दमणगंगा वाहते. उद्योगांचे स्वरूप बदलते, तशी त्यांची जागाही बदलते. काठावरची जमीन मोकळी होण्याआधीच तिच्यातील सार्वजनिक वाटा, नदीपर्यंतची वाट आणि कामगारांचा निवारा नियमांत निश्चित करून ठेवला, तर पुढे वाद टळतात. मुंबईत हे प्रश्न गोद्या ओस पडल्यानंतर चर्चेला आले आणि त्यांची उत्तरे आजही शोधली जात आहेत.