शांतता! कोर्ट चालू आहे : गर्भपाताच्या कलंकाची पूर्वपीठिका

विजय तेंडुलकरांचे नाटक. रंगायनतर्फे 1967 मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर. अभिरूप खटल्यात आरोपी ठरलेल्या अविवाहित लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. नाटकाचे बीज विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या भेटीत सापडते, पण त्याची वैचारिक मुळे बरीच मागे जातात. जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाल्यावर वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर आगपाखड केली, तेव्हा ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषाला जाब विचारला. तेंडुलकरांनी ताराबाईंचा आधार घेतला असे म्हणायचे नाही. पुरुषाला जाब कोण विचारणार, हा प्रश्न मात्र तोच आहे. बेणारेच्या गर्भाला जबाबदार असलेला प्रा. दामले खटल्याला गैरहजर राहतो आणि त्याचे काही बिघडत नाही. साक्षीदार पोंक्षे साक्ष देतो ती बेणारेच्या पर्समधून पडलेल्या टिक-ट्वेन्टी या कीटकनाशकाच्या बाटलीची.

बेणारेला मूल हवे आहे, तेव्हा हे गर्भपाताच्या हक्काचे नाटक कसे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण आरोप भ्रूणहत्येचा आणि न्यायाधीश झालेल्या काशीकरांचा निवाडा गर्भ नष्ट करण्याचा, ही विसंगतीच त्याचे उत्तर आहे. इथे गर्भाची कुणालाच पडलेली नाही. कलंक चिकटतो तो स्वतःचा निर्णय घेऊ पाहणाऱ्या अविवाहितेला. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानेही निर्णय मुख्यतः डॉक्टरांच्या हाती ठेवला, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याची सवलत विवाहितेपुरतीच दिली. विवाहाची ती अट 2021 च्या दुरुस्तीने गेली.