एक पतंग, अनेक नावं : लिटरेचर शोधताना काय निसटतं?

आंबिया बहाराची फळं पिकायला लागली की काटोलच्या संत्रा बगीच्यात सकाळी झाडाखाली पडलेलं एखादं फळ उचलून बघा. सालीवर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र असेल आणि दाबल्यावर रस येत असेल, तर बहुधा रात्री रसशोषक पतंग येऊन गेला आहे. त्याची सोंड टणक आणि टोकाशी काटेरी असते. सालीला छिद्र पडलं की आत जंतू शिरतात, फळ सडतं आणि गळतं.

या पतंगाचं आजचं नाव युडोसिमा फॅलोनिया. मी सुरुवातीला याच नावाने पेपर शोधले आणि मला वाटलं, झालं काम! पण १८७५ चा एक महत्त्वाचा पेपर त्यात आलाच नाही. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी याच पतंगाच्या सोंडेची रचना त्यात मांडली आहे. शीर्षकातच त्याला ‘संत्र्याचा रस शोषणारा पतंग’ म्हटलंय, पण नाव दिलंय ऑफिडेरेस फुलोनिका.

हा गोंधळ झाला कसा? लिनियसने १७६३ मध्ये या जातीला ‘फॅलोनिया’ म्हटलं. पुढच्याच वर्षी क्लर्कचं ‘फुलोनिया’ आलं. नामकरणाच्या नियमाने आधीचं नाव ग्राह्य धरतात, तरी पुस्तकांत ‘फुलोनिया’ खूप काळ चाललं. प्रजातीचं नावही बदलत गेलं. कुणी ऑफिडेरेस लिहिलं, कुणी ओथ्रेइस. १९८९ मध्ये पूल यांनी अशा अनेक प्रजाती १८२० च्या ‘युडोसिमा’ या जुन्या नावाखाली एकत्र आणल्या. २००२ मध्ये झिली आणि होगेनेस यांनी त्या यादीवर टिपा लिहून चार नव्या जातींची भर घातली. कुलसुद्धा बदललं: आधी नॉक्टुइडी, आता इरेबिडी.

आता तुम्ही म्हणाल, नावाने शेतकऱ्याला काय फरक पडतो? पडतो. हा पतंग आफ्रिकेपासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत आढळतो. नुकसान पतंग करतो. अळी संत्र्यावर नसतेच. आपल्याकडे ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते, पॅसिफिक बेटांवर मात्र पांगाऱ्याच्या जातींवरही. तिकडचा पेपर वाचून काटोलमध्ये धुऱ्यावरचा पांगारा तोडायला सांगितला, तर झाड जाईल आणि वेलीवरची अळी तशीच राहील.

म्हणून रिसर्च प्रपोजल लिहिण्याआधी तीन गोष्टी करा. आपल्या जातीच्या सगळ्या जुन्या नावांची यादी काढा. प्रत्येक नावाने वेगळा शोध घ्या. आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या प्रदेशातली आहे, हे लिहून ठेवा. एखाद्या विषयावर ‘काहीच काम झालेलं नाही’ असं लिहायचा मोह झाला, तर थांबा. ते काम कदाचित दुसऱ्या नावाने आधीच झालेलं असेल.