बडोद्याचे विषप्रयोग प्रकरण (१८७४–७५)

बडोदे संस्थानचे अधिपती मल्हारराव गायकवाड यांनी इंग्रज रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून हिंदुस्थान सरकारने केलेली चौकशी आणि त्यानंतर मल्हाररावांना गादीवरून दूर करण्याची कारवाई. यात दरबार आणि ब्रिटिश सरकार अशी दोन सरकारे गुंतली होती. त्यामुळे दरबारचा जुलूम आणि ब्रिटिशांची न्यायपद्धती या दोन्हींची तपासणी केल्याशिवाय प्रकरणाचा उलगडा होत नाही.

पूर्वपीठिका : दरबार आणि रेसिडेन्सी यांच्यातील संशयाचे वातावरण जुने होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला आणि त्याचा ठपका पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. १८४७ मध्ये रेसिडेंट झालेल्या जेम्स औट्रम यांना बडोद्यातली लाचखोरी थेट मुंबई सरकारच्या नावावर चालत असल्याचे आढळले. पैसे चारले की मुंबईचे निकाल फिरवता येतात, असा समज दरबारात पक्का होता. १८५१ मध्ये औट्रम यांनी या ‘खटपटी’विषयी सविस्तर अहवाल पाठवला, तेव्हा मुंबई सरकारने त्यांनाच बडोद्यातून हलवले; पुढे १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यांना परत नेमले. पुढच्या प्रकरणातील प्रत्येक साक्षीवर लोकांनी शंका का घेतली, याचे एक कारण या इतिहासात आहे.

मल्हाररावांची कारकीर्द : थोरले बंधू खंडेराव यांच्याविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून १८६३ पासून मल्हारराव पादरा गावी कैदेत होते. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी थेट गादीवर आला. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. जुलै १८७१ मध्ये त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांचा हक्क कायम झाला. त्यानंतर जुन्या कारभाऱ्यांवर सूड उगवला गेला. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगातच संशयास्पद रीतीने मरण पावले. पेढीवाल्यांची व सरदारांची मालमत्ता जप्त होऊ लागली, नजराण्यांचा तगादा वाढला, शेतकऱ्यांवर सारा चढला. बायकांना जबरीने वाड्यातल्या चाकरीस ओढले जाई, अशा तक्रारीही झाल्या. दुसरीकडे सोन्याच्या तोफा ओतल्या जात होत्या आणि नजरबाग राजवाड्यावर पैसा उधळला जात होता.

मार्च १८७३ मध्ये आलेल्या फेअर यांनी या तक्रारी हिरीरीने गोळा केल्या. कर्नल रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्यांतील बऱ्याच खऱ्या धरल्या आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना सुधारणेसाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. म्हणजे गैरकारभार सिद्ध मानूनही राजाला वेळ देण्याचे ठरले होते. याच सुमारास दिवाण म्हणून आलेले दादाभाई नवरोजी फेअर यांच्या विरोधाशी झुंजत कारभार सावरू पाहत होते. जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मल्हाररावांचा लक्ष्मीबाईंशी झालेला विवाह आणि त्यांना झालेला पुत्र यांच्या वैधतेवरूनही रेसिडेंटशी वाद होता. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी खलिता पाठवून फेअर यांची बदली मागितली.

विषाचा आरोप : ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांतच त्यांना अस्वस्थ वाटले व उरलेले त्यांनी ओतून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळात रेसिडेन्सीचे डॉक्टर सेवर्ड यांना सोमल व हिऱ्याची भुकटी आढळली. मुंबईच्या रासायनिक परीक्षकांनीही त्यास दुजोरा दिला. फेअर यांना तांब्याची चव जाणवली होती, पण पृथक्करणात तांबे निघाले नाही. फेअर यांना लगेच हलवून त्यांच्या जागी सर लुई पेली यांना आणण्यात आले. तपास मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर यांच्या हाती गेला. रेसिडेन्सीतले नोकर रावजी हवालदार व नरसू जमादार आणि मल्हाररावांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांचे जबाब आरोपाचा कणा ठरले. दामोदरपंतांना माफीचा साक्षीदार करण्यात आले. नरसूने कैदेत असताना विहिरीत उडी घेतली होती. हिरे विकल्याचे सांगणारा जवाहिऱ्या हेमचंद फतेचंद पुढे चौकशी आयोगासमोर आपला जबाब नाकारून मोकळा झाला. पोलिसांच्या ताब्यात घेतलेल्या जबाबांवर किती भिस्त ठेवायची, हा सगळ्या खटल्याचा गाभा होता, आणि आजही त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली. २३ फेब्रुवारीला विषाच्या आरोपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम सुरू झाले. अध्यक्ष होते बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच. मीड आणि पी. एस. मेलविल हे दुसरे दोन इंग्रज सदस्य. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे सवाई रामसिंग आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी सदस्य. सरकारच्या वतीने मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल उभे राहिले. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. साक्षीदारांची त्यांनी घेतलेली उलटतपासणी देशभरची वर्तमानपत्रे छापत होती. मार्चअखेर अहवाल आले तेव्हा तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, शिंदे व दिनकरराव यांनी सिद्ध मानला नाही, आणि जयपूरच्या महाराजांनी मल्हाररावांना निर्दोष ठरवले.

निकाल : तीन विरुद्ध तीन अशी फूट पडल्यावर सरकारने वाट बदलली. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात मल्हाररावांना गादीवरून काढल्याचे जाहीर झाले, पण कारण विषप्रयोगाचे दिले गेले नाही. कुप्रसिद्ध वर्तन, घोर गैरकारभार आणि सुधारणेची अक्षमता ही कारणे पुढे केली गेली. ज्या गैरकारभाराच्या सुधारणेला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती, त्याच गैरकारभाराबद्दल मुदत संपण्याआधी शिक्षा झाली. जुलूम खरा होता आणि त्यासाठी मल्हाररावांना जबाबदार धरणे योग्यच होते. मात्र एका आरोपावर चौकशी करायची आणि तो सिद्ध न झाल्यावर दुसऱ्याच आरोपाखाली राज्य काढून घ्यायचे, याला न्याय म्हणता येणार नाही.

मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आले. एप्रिलअखेर त्यांच्या पक्षाच्या लोकांनी लक्ष्मीबाईंच्या मुलाला गादीवर बसवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा शहरात दंगल झाली. पश्चिमेचा लहरीपुरा दरवाजा, पूर्वेचा पाणीदरवाजा, उत्तरेचा चांपानेर आणि दक्षिणेचा गेंडीदरवाजा यांच्या आत तेव्हाचे बडोदे सामावलेले होते. रेसिडेन्सी आणि छावणी शहराबाहेर वायव्येस होती.

परिणाम : दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले. जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव दत्तक घेतला आणि तो तिसरा सयाजीराव म्हणून गादीवर बसला. लहरीपुऱ्याबाहेर सूरसागराजवळ उभे असलेले न्यायमंदिर (१८९६) त्याच्याच कारकिर्दीतले. न्यायालय आता तेथून हलले आहे.

कलकत्त्यात अमृतबाजार पत्रिकेने मल्हाररावांची बाजू लावून धरली आणि अमृतलाल बसू यांचे ‘हीरकचूर्ण’ नाटक याच प्रसंगावर १८७५ मध्ये आले. मराठीत नारायण बापूजी कानिटकर यांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. परक्या राजाचा दरबार आणि परके सरकार यांच्यातला तंटा देशाचा प्रश्न म्हणून वाचला जाण्याचे हे सुरुवातीचे उदाहरण आहे.

मल्हाररावांचा १८८२ मध्ये मद्रासला मृत्यू झाला. संस्थानिकाला पदच्युत करण्यापूर्वी, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व दोन संस्थानिक यांचा समावेश असलेल्या आयोगाकडून चौकशी करावी, अशी शिफारस १९१८ च्या माँटेग्यू–चेम्सफर्ड अहवालाने केली.