तो, ती, ते आणि डेअर, डी, दास

माझी थोरली बहीण कारंजा तालुक्यातल्या धनजला दिलेली आहे. तिची मुलगी कॉलेजात बी.ए. करते. मागच्या पावसाळ्यात तिनं मोबाइलवर प्राथमिक जर्मनचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. त्याआधी ती शहरातल्या एका क्लासमध्ये चौकशीला गेली होती. तिथं तिला सांगण्यात आलं, ‘आधी इंग्रजी सुधार, मग जर्मनचं बघू.’ तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला, “मामू, छोड देती मैं. अंग्रेजीच समझती नहीं, जर्मन क्या समझेगी?”

तिचं हे वाक्य मला झोपू देईना. जर्मनच्या दारावर इंग्रजीचा पहारा कधी बसला? इतिहास तर वेगळंच सांगतो.

१९०७ साली इक्बाल हायडेलबर्गला जर्मन शिकत होते. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण जर्मन त्यांना जिवंत झाली ती एम्मा वेगेनास्ट या शिक्षिकेच्या बोलण्यातून. पुढं कित्येक वर्षं ते तिला पत्रं लिहीत राहिले. १९२३ मध्ये आलेला त्यांचा फारसी ‘पयाम-ए-मश्रिक’ हा तर गोएथेच्या दिवानाला दिलेला जबाब. दोन कवींच्या त्या संवादात इंग्रजी दुभाषा कुठंच नाही.

त्यानंतर बर्लिनला गेले झाकिर हुसेन आणि आबिद हुसेन. झाकिर हुसेन यांनी १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिथं असतानाच त्यांनी ‘दीवान-ए-ग़ालिब’ बर्लिनच्या काविआनी छापखान्यातून छापून घेतला. आबिद हुसेन यांनी गोएथेचं ‘फाउस्ट’ उर्दूत आणलं. त्यांच्या ओळखीची गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची ज्यू बाई पुढं दिल्लीला जामियात आली, मुलांची ‘आपाजान’ झाली आणि तिथल्याच मातीत मिळाली. आपल्या महाराष्ट्रातही हीच वाट होती. इरावती कर्वे यांनी १९३० मध्ये बर्लिनची पीएच.डी. मिळवली आणि नंतर मराठीत कसदार लिहिलं. या साऱ्यांना इंग्रजी येत होतं, हे खरं. पण जर्मनमधून जे मिळवलं ते त्यांनी थेट उर्दूत, फारसीत, मराठीत उतरवलं.

आता कुणी म्हणेल, ती बर्लिनला गेलेली माणसं, आमची पोरगी धनजला. खरं आहे. म्हणून दूर बसून शिकण्याचा इतिहासही पाहू. १८५६ मध्ये बर्लिनच्या गुस्ताव लांगेनशाइट यांनी शार्ल तूसाँ या फ्रेंच शिक्षकाबरोबर जर्मन लोकांना फ्रेंच शिकवणारी पत्रं काढली. विद्यार्थी घरी, धडा टपालानं. उच्चार समजावे म्हणून खास खुणा केलेल्या. पुढं रेडिओ आला. डॉइचे वेले आणि गोएथे इन्स्टिट्यूट यांचा ‘डॉइच, वारूम निश्ट?’ हा रेडिओ अभ्यासक्रम अनेक भाषांच्या निवेदनासह जगभर ऐकला गेला. आज त्याच डॉइचे वेलेवर ‘निकोस वेग’ मोफत मिळतो. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग हरवते आणि त्याच्या धडपडीतून आपण भाषा शिकतो.

आपल्याकडं २०१७ साली ‘स्वयम’ सुरू झालं. त्यावर आयआयटी मद्रासचे प्राध्यापक मिलिंद ब्रह्मे यांचे प्राथमिक जर्मनचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं फुकट, परीक्षेला तेवढी फी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यापीठ ‘स्वयम’वरून घेऊ देऊ शकतं. म्हणजे कॉलेजात जर्मनचा शिक्षक नसला तरी जर्मनचं श्रेयांक खात्यात जमा होऊ शकतं. एवढी सोय या खेड्यांना कधीच नव्हती. फक्त अशा बहुतेक व्याख्यानांचं माध्यम इंग्रजी असतं.

मी धनजला गेलो. बहिणीच्या अंगणात, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, भाचीच्या मोबाइलवर आम्ही दोघं पहिल्या धड्यापासून पुन्हा बसलो. मला जर्मन येत नव्हती. पण ऐकता ऐकता जाणवलं, की हे ओळखीचं आहे.

धड्यात बाई सांगत होत्या, जर्मनमध्ये तीन लिंगं असतात : डेअर, डी, दास. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे संकट वाटतं. घरच्या उर्दूत दोनच लिंगं. पण भाची शाळेत मराठी शिकलेली. मी म्हटलं, “तो, ती, ते.” तिनं मान वर केली. ‘मेडशन’ म्हणजे मुलगी, तरी ती नपुंसकलिंगी का, यावर जगभरचे विद्यार्थी चक्रावतात. ‘-शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द ‘दास’ होतो. आपण नाही का म्हणत, ते पोरगं, ते वासरू, ते पिल्लू?

मग गंमतच झाली. इंग्रज म्हणतो ‘मी आवडवतो’, जर्मन म्हणतो ‘एस गेफेल्ट मिअर’, अगदी आपलं ‘मला आवडतं’. इंग्रजीत पंचवीस म्हणजे वीस-पाच. जर्मनमध्ये ‘फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश’, पाच आणि वीस. आपलंही पंचवीस, आधी पाच मग वीस. ‘कारण’ म्हणून जोडलेल्या वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, तिथं तर आम्ही जन्मापासून राहतो. ‘बूख़’ म्हणजे पुस्तक. त्यातला ख़ काढायला पुष्कळांना घसा खरवडावा लागतो. भाचीनं तो ‘ख़त’, ‘ख़ुदा’ म्हणावा तसा सहज काढला. अडलं ते ओठांचा चंबू करून म्हणायच्या ‘ऊ’पाशी. तो ना मराठीत, ना उर्दूत. तिथं दोघंही हसलो.

मराठी मुसलमानाला आपल्या दोन भाषांचं नेहमी ओझंच वाटत आलं. घरात एक, शाळेत दुसरी, आणि दोन्हीकडं कमीपणा. त्या अंगणात पहिल्यांदा दिसलं, की व्याकरण मराठीनं दिलं आणि घसा उर्दूनं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. इक्बालचं हायडेलबर्ग याच राज्यात. तेव्हापासून आपल्या वस्त्यांतही जर्मनची चर्चा आहे. पोरांना खरं सांगायला हवं. ए-१ ही पहिली पायरी, त्यावर नोकरी नाही. परिचारिकेच्या मान्यतेला साधारण बी-२ लागतं, म्हणजे कैक महिन्यांची मेहनत. शिवाय गोएथेच्या ए-१ परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं यांबरोबर समोरासमोर बोलावंही लागतं. मोबाइल शंभर वेळा न कंटाळता म्हणून दाखवेल, पण तुम्ही अडखळलात तर थांबून ऐकणारं माणूस लागतंच. इक्बालला एम्मा लागली होती.

धनजला ते माणूस म्हणजे शेजारच्या तीन मुली. मगरिबनंतर चौघी बसतात. पहिली वाक्य म्हणते, दुसरी चुका काढते. नेट गेलं तर वही असते. वहीत तीन रकाने आहेत : जर्मन, मराठी, उर्दू. इंग्रजीचा रकाना भाचीनं अखेरीस जोडला, “परीक्षा के वास्ते” म्हणून.

आपल्यात जर्मन जाणणारे प्राध्यापक आहेत, परदेशी राहून आलेले आहेत. त्यांतल्या कुणी मराठीतून, उर्दूतून दहा धडे रेकॉर्ड करून टाकले तर किती पोरांचा तिसरा आठवडा सुखरूप पार पडेल. तोवर वहीतले हे तीन रकाने ज्याला हवे त्यानं उतरवून घ्यावेत. भाचीची हरकत नाही, मी विचारून ठेवलंय.