शैवालाचा हिशेब : म्हैसूरच्या तळ्यांपासून संगणकाच्या प्रारूपापर्यंत

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टणच्या परिसरात तंबाखूची पाने भट्टीत वाळवली जातात. हिरव्या पानात बहुतांश पाणीच असते आणि ते घालवण्यासाठी लाकूड जाळावे लागते. त्यामुळे पीक किती आले याबरोबरच लाकूड किती लागले, हेही शेतकऱ्याला मोजावे लागते. पाणी घालवण्याच्या खर्चाचा हाच प्रश्न १९७०च्या दशकात म्हैसूर शहरातील शैवाल-संशोधकांपुढेही उभा राहिला.

तेथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत भारत आणि जर्मनी यांच्या सहकार्याने शैवालापासून स्वस्त प्रथिने मिळवण्याचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीला निवड झाली सीनडेस्मसची. ते वाढले उत्तम. अडचण आली ती पुढे. त्याच्या पेशी इतक्या सूक्ष्म की पाण्यातून वेगळ्या करण्यासाठी अपकेंद्री यंत्र लागे. पेशीभित्तिका इतकी चिवट की तप्त रुळांवर वाळवल्याशिवाय प्रथिने नीट पचत नसत. स्पिरुलिनाचे तंतू मात्र कापडाने गाळता येत आणि उन्हात वाळवता येत. हळूहळू लक्ष तिकडे वळले. एल. व्ही. वेंकटरामन आणि ई. डब्ल्यू. बेकर यांनी हा भारतीय अनुभव १९८५मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन मिळवण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. १९९८च्या समारोपाच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की हे इंधन खनिज तेलापेक्षा महागच पडते. कारण साध्या आकडेमोडीतही दिसते. उघड्या तळ्यात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम शैवाल असते. म्हणजे एका किलोसाठी २००० लिटर पाणी हाताळावे लागते. गाळून-पिळून लगदा केला, तरी किलोभर शैवालासोबत सुमारे चार किलो पाणी उरते. उष्णता देऊन ते उडवायला जवळजवळ १० मेगाज्यूल ऊर्जा लागते आणि वाळलेल्या शैवालात असते सुमारे २० मेगाज्यूल. निम्मी कमाई वाळवण्यातच संपते!

यातूनच बायोरिफायनरीची कल्पना पुढे आली : एकाच शैवालापासून रंगद्रव्य, प्रथिने, तेल आणि उरलेल्या चोथ्यापासून वायू मिळवायचा. पण येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. स्पिरुलिनातील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य उष्णतेने नष्ट होते. ते आधी काढले नाही तर हातचे जाते. शिवाय प्रत्येक नव्या उत्पादनासाठी नवे यंत्र, नवा खर्च. शैवालाची जात, गाळण्याची रीत, वाळवण्याची पद्धत आणि उत्पादनांचा क्रम यांच्या जुळण्या हजारोंच्या घरात जातात. प्रत्येक जुळणीचा कारखाना बांधून पाहणे अशक्यच.

हे काम संगणकीय प्रारूपे करतात. रासायनिक कारखान्यांसाठी अशा प्रणाली १९७०च्या दशकातच आकार घेऊ लागल्या होत्या. एमआयटीतील ‘ॲस्पेन’ प्रकल्प १९७६चा. प्रारूप प्रत्येक टप्प्यावर वस्तुमान, ऊर्जा आणि पैसा यांचा ताळेबंद मांडते आणि न परवडणाऱ्या वाटा आधीच बाद करते. ओल्या लगद्यावरच उष्णता व दाबाची प्रक्रिया करून वाळवणे टाळता येईल का, हेही ते तपासते. मात्र महाग रंगद्रव्याच्या नफ्यावर स्वस्त इंधन तोलणाऱ्या प्रारूपाने बाजारही पाहिला पाहिजे. इंधनाला पुरेल एवढे शैवाल पिकवले, तर रंगद्रव्याचा पूर येऊन त्याचा भाव कोसळेल.

सीनडेस्मसकडून स्पिरुलिनाकडे वळण्याचा निर्णय म्हैसूरला प्रत्यक्ष प्रयोगांतून, काही वर्षे खर्चून घ्यावा लागला. आज तसा निर्णय आधी पडद्यावर पारखता येतो. परंतु शैवाल रोज किती वाढते, कापडातून किती गळते, उन्हात किती वेळात वाळते, हे आकडे प्रारूपाला तळ्याकाठीच मिळतात. ते चुकले, तर संगणकाचे उत्तरही चुकते.