गाळलेले पाणी आणि नारूचे उच्चाटन

संस्थेच्या वास्तूंचा, चातुर्मासांचा आणि दानशूर व्यक्तींचा इतिहास या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने साधा आहे. तो आपल्या स्वयंपाकघरातील माठाशी आणि गावाच्या बारवेशी निगडित आहे.

पाणी गाळून पिणे हा श्रावकाचा प्राथमिक आचार होय. घट्ट विणीचे स्वच्छ कापड दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरावयाचे, त्यातून पाणी ओतावयाचे आणि कापडावर राहिलेले जीव गाळलेल्याच पाण्याच्या धारेने अलगद उतरवून मूळ जलाशयात परत सोडावयाचे. या शेवटच्या क्रियेस काही घरांत जीवाणी, तर काही घरांत बिलछानी म्हणतात. या आचारामागील मूळ हेतू आरोग्याचा नव्हता. पाण्यातील त्रसजीवांची विराधना टळावी, एवढाच तो होता. आपल्या पुस्तकांतून एका थेंबातील जीवसंख्येचा एक ठरावीक आकडा पुनःपुन्हा छापला जातो. हा आचार त्या आकड्यावर उभा नाही, आणि त्यास तशा आधाराची गरजही नाही.

या कापडाचे आरोग्यविषयक मोल नारू या रोगाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. मराठवाड्यातील वयोवृद्ध मंडळींस हा शब्द नवा नाही. पायाला फोड यावा, तो फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोकावू लागावा, आणि घरच्यांनी तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर ओढावा, असा तो प्रकार. कृमीची लांबी हातभराहून अधिक, कधी मीटरभरही असे. ओढताना तो तुटला की पाय सुजे, पू होई आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळे. नारू बहुधा उन्हाळ्यात, शेताची मशागत तोंडावर आली असताना निघे. त्यामुळे एका पायाच्या दुखण्याने सबंध घराचे वर्ष वाया जाई. त्यावर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही.

नारूचा पाण्याशी असलेला संबंध 1870 मध्ये तुर्कस्तानात संशोधन करताना रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको यांनी उलगडला. नारू झालेला मनुष्य पाण्यात पाय बुडवतो तेव्हा कृमीची मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा जलजीव त्या अळ्या गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत त्या अळ्या माणसास बाधण्याजोग्या होतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास अळी शरीरात शिरते आणि वर्षभराने कृमीच्या रूपाने पायातून बाहेर येते. सायक्लॉप्स दुहेरी कापडातून जात नाही. म्हणजेच ज्या घरात गाळण्याचा नियम काटेकोरपणे पाळला जाई, तेथे नारूस शिरण्याची वाटच उरत नसे. ज्या जीवांना वाचविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी कापड धरले, त्यांतच रोगाचा वाहक होता, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

येथवरचा भाग आपणांस सुखावणारा आहे. पुढचाही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. गाळण्याने घर वाचे, परंतु बारव तशीच राही. जीवाणीने सायक्लॉप्स परत पाण्यात जाई, आणि पायऱ्या उतरून घागर बुडविणाऱ्याचा दुखरा पायही त्याच पाण्यात पडे. बारव ही आपल्या प्रदेशाच्या स्थापत्याची शान. अंबडच्या बारवा आजही पाहाव्यात अशा आहेत. परंतु रोगाच्या दृष्टीने त्या पायऱ्याच घातक होत्या. शिवाय ज्यांना त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती, त्या वस्त्यांच्या नशिबी ओढ्यातील डबक्याचे पाणी असे. आपल्या माठावरचे कापड त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

केंद्र शासनाचा नारू निर्मूलन कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला. 1984 मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांतील 12,840 गावांत सुमारे 40 हजार रुग्ण आढळले. घरोघर शोध, गाळण्याच्या कापडाचा प्रचार, पायऱ्या बंद करून बारवांस कठडे बांधणे, हातपंप बसविणे आणि सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे औषध पाण्यात टाकणे, असे त्याचे स्वरूप होते. औषध टाकण्याची बाब कोणत्याही श्रावकास खटकणारीच. मात्र कठडा आणि हातपंप यांत कोणाचीही हिंसा नव्हती. माणसाचा पाय पाण्यापासून दूर राहिला की रोगाची साखळी आपोआप तुटते. प्रस्तुत लेखकास या दोन उपायांतच अहिंसेच्या अधिक जवळ जाणारा मार्ग दिसतो.

हातपंपाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे नाव आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे काळ्या खडकात विंधनविहिरी घेतल्या जाऊ लागल्या. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबापुरते बनविलेले असत. सारे गाव पाणी उपसू लागले की ते मोडत. बदनापूरहून अर्ध्या तासाच्या वाटेवरील जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या पाणीविषयक कामातून पोलादी बांधणीचा ‘जालना पंप’ तयार झाला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या आणि त्याच परंपरेतून युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा पंप आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले आणि तो आशिया-आफ्रिकेतील गावोगावी पोहोचला.

भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळ मारवाडात असल्याने हे नाव वाचताना मन क्षणभर थबकते. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतास नारूमुक्त घोषित केले.

कापडाचे मोल नारूपुरतेच नाही. बांगलादेशातील 65 गावांत जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कारण पटकीचे जंतू अशाच सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतात. तथापि उरलेले निम्मे रुग्ण होतेच. सुटे जंतू कापडातून सहज पार होतात. ते मारण्यास उकळणे उपयोगी पडते. अचित्त पाण्याची आपली मर्यादा उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन प्रहर अशी ऋतुमानाप्रमाणे बदलते, हेही येथे लक्षात घ्यावे. परंतु खोल विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड वा नायट्रेट असल्यास कापडाचाही उपयोग नाही आणि उकळण्याचाही; उकळल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते.

पाणपोई हे आपल्या समाजाचे जुने सेवाकार्य. तिच्या रांजणावर कापड बांधलेले असतेच. आगामी चैत्रात पाणपोई सुरू करण्यापूर्वी ज्या विंधनविहिरीतून पाणी घ्यावयाचे, तिचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत रासायनिक व जैविक अशा दोन्ही तपासण्यांसाठी पाठवावा आणि मिळालेला अहवाल रांजणाशेजारी लावावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.